दोन हात, दोन पाय, चार पोरं

उचलबांगडी हा शब्द आता वर्तमानपत्रात अधिकाऱ्यांच्या बदल्यांपुरता उरला आहे. तहसीलदाराची उचलबांगडी, फौजदाराची उचलबांगडी. मला मात्र तो वाचला की माझ्या धाकट्या भावाचे तळवे दिसतात, धुळीनं पांढरे झालेले.

१९६५चा जून. वाईच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमचं गाव, आप्पा तिथल्या शाळेत मास्तर. मी तिसरीत होते, भाऊ पहिलीत बसला होता. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या सोमवारी त्याच्या पोटात दुखायला लागलं. आईनं ओवा चावायला दिला, बेंबीवर हिंग लावला. दुपारी गडी अंगणात गोट्या खेळत होता. मंगळवारी सकाळी पुन्हा पोट. बुधवारी तो घरातच सापडेना. शेवटी कणगीमागे सापडला. आप्पांनी वर्गातूनच सातवीतल्या चार थोराड पोरांना सांगितलं, "जा रे, आणा त्याला." दोघांनी हात धरले, दोघांनी पाय. वाटेत मारुतीचा पार, पारावरची माणसं हसत होती. भाऊ ओरडत नव्हता. तो ओरडला असता तर मला तेव्हा इतकी भीती वाटली नसती. हे पंधरा-वीस दिवस चाललं. मग तो आपल्या पायांनी येऊ लागला, आणि 'ताळ्यावर आला' असं सगळ्यांनी ठरवलं.

आप्पा दुष्ट नव्हते. त्यांना स्वतःला असंच उचलून नेलेलं होतं आणि ते सांगताना त्यांचा चेहरा फुलायचा, जशी काही ती मिरवणूकच. त्यांच्या वडिलांना पंतोजीच्या शाळेत नेलेलं. आमच्या घराण्यात शाळेत जायची ही रीतच म्हणायची!

पंतोजीची शाळा म्हणजे कुणाच्या तरी वाड्याची पडवी, नाहीतर देवळाची ओसरी. धूळपाटीवर ओनामा, मग बाराखडी, मग पावकी-निमकी-दिडकी, मोडी वळण. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२४ साली, त्यानं जिल्ह्याजिल्ह्यांतून अशा शाळांची माहिती मागवली. ती कागदपत्रं पुढं रा. वि. परुळेकरांनी शोधून छापली म्हणून आपल्याला ठाऊक. त्यात शाळा किती, पोरं किती, पंतोजीला मिळतं काय, हे सगळं आहे. मिळायचं ते पोरामागे: थोडे पैसे, थोडं धान्य, सणावारी शिधा. उचलबांगडीचं मूळ मला इथं सापडतं. पोर आलं नाही की पंतोजीचं शेर-अच्छेर धान्य बुडायचं. तेव्हा पोर आणवणं हे शिस्तीइतकंच वसुलीचंही काम होतं. एकदा आणल्यावर पुढची व्यवस्था ठरलेली असे: अंगठे धरणं, उठाबशा, आढ्याला बांधलेल्या दोरीला लोंबकळत ठेवणं, खाली वेताची छडी. या शिक्षांची नावं आमच्या पिढीलाही तोंडपाठ होती. पोर का येत नाही, याला मात्र नाव नव्हतं. होती ती सगळी शिव्यांच्या जातीची: चुकार, द्वाड, आळशी, लाडावलेला.

इंग्रजी अमलात शाळा सरकारी झाल्या आणि पंतोजीच्या जागी 'दिपोटी' आला, म्हणजे शाळा तपासणारा डेप्युटी साहेब. अनुदान हजेरीवर आणि परीक्षेच्या निकालावर मिळू लागलं. धान्य गेलं, हिशोब राहिला. दिपोटी यायच्या दिवशी गावातलं एकही पोर घरी सुटत नसे. आप्पांच्या काळात दिपोटीचा भाऊसाहेब झाला होता, पण आदल्या दिवशीची धावपळ तशीच होती. मी तिच्यात पाणी भरलेलं आहे.

यानंतरची शंभर वर्षं मला एका रुपयाची गोष्ट वाटते. म. फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मागणी केली की बहुजनांच्या मुलांना निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६पासून तो साऱ्या बडोदे संस्थानात नेला. गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बिल आणलं. पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी ते पडलं. मग १९१७ला शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचं मोफत शिक्षण जाहीर केलं, आणि जो बाप पोराला शाळेत घालणार नाही त्याला महिना एक रुपया दंड. त्या काळचा रुपया. त्याच्यामागं किती तळमळ होती हे मला कुणी सांगायला नको, माझी शिक्षिकेची नोकरीच त्या तळमळीवर उभी होती. पुढं १९२३ आणि १९४७चे मुंबई प्राथमिक शिक्षणाचे कायदे झाले, त्यांतही सक्ती होतीच. आणि १९९२च्या सुमारास रुपया उलटा फिरला. दारिद्र्यरेषेखालच्या मागास घरांतल्या मुलींना शाळेत आल्याबद्दल दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता. तो मी स्वतः वाटलाय. सुट्या पैशांसाठी किराणा दुकानदाराच्या विनवण्या केल्यात.

दंडाचा रुपया असो की भत्त्याचा, दोन्ही बापाच्या खिशाशी बोलत होते. ते चुकीचं नव्हतं, बहुतेक पोरं खिशापायीच घरी राहत होती: गुरं, धाकटं भावंड, ऊसतोड. पण जे पोर घरची भाकरी नीट, बाप मास्तर, दप्तर नवं, तरी कणगीमागे लपतं, त्याच्यासाठी रुपया कुणाला द्यायचा आणि कुणाकडून घ्यायचा?

आणि भीती म्हणजे नुसतं हळवेपण असंही नाही. आमच्याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव शाळेत दाखल झालं. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. बसायला घरून आणलेलं गोणपाट, ते संध्याकाळी परत घेऊन जायचं; पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, शिपाई असला तर पाणी, नसला तर तहान. ते सगळं सोसून हा मुलगा गेला, म्हणून आपल्याला कळलं. गोणपाट पाहून जी पोरं दुसऱ्या दिवशी आलीच नाहीत, त्यांच्यापुढे हजेरीपटावर काय लागलं असेल? गैरहजेरीची खूण. तापानं आजारी असलेल्याची, बैल घेऊन गेलेल्याची आणि अपमानानं घरी बसलेल्याची खूण हजेरीपटावर एकच असते. मी तेहेतीस वर्षं त्या पटावर सह्या केल्या. तो रकाना फार अरुंद असतो.

माझाही एक गुन्हा आहे. १९८४ साली मी माण तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत नवीन होते. दुसरीतली एक मुलगी यायची बंद झाली. आई म्हणाली, "बाई, लय हट्टी हाय, तुमीच न्या." मी माझ्या वडिलांची लेक. चौथीतली चार पोरं पाठवली. कडब्याच्या गंजीमागून त्यांनी तिला काढली. तिनं एकाच्या मनगटाला असा चावा घेतला की रक्त आलं. मी त्या पोराला हळद लावली आणि तिला दिवसभर माझ्या खुर्चीजवळ बसवलं. मला वाटलं, मी किती मायेनं वागले! दिवाळीनंतर ती आली नाही ती आलीच नाही. अकरा वर्षांनी म्हसवडच्या यात्रेत कडेवर पोर घेतलेली एक बाई माझ्या पाया पडली. तीच होती. बोलता बोलता हसत म्हणाली, "बाई, मला मुतायला जायाचं भ्याव वाटायचं. भिंतीमागं पोरं दगडं मारायची." शाळेला संडास नव्हता. मी स्वतः शेजारच्या घरी जायचे. चार महिने ती माझ्यापुढं बसत होती आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. आणलं मात्र होतं.

त्यानंतर वर्षभरानं, १९९६ला, मी रजा काढून डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर जाऊन आले. सहलीला नव्हे, मला तिथलं काम बघायचंच होतं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालमंदिराचं काम करून आल्या, १९२६ला नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ साली त्या बोर्डीला बालवाडी काढायला गेल्या. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी निघाली, पण वारल्यांच्या पाड्यांवरची पोरं येईनात. मग बायका पाड्यावर जाऊन पोरांना गोळा करून आणू लागल्या. आंघोळ घालायची, केस विंचरायचे, चालवत आणायचं. म्हणजे एक प्रकारची प्रेमळ उचलबांगडीच की! ती पुरी पडेना. तेव्हा ताराबाईंनी जे केलं ते आज इतकं सरावाचं झालंय की त्यातलं धाडस दिसत नाही. त्यांनी शाळाच उचलली. पाड्यावरच्या अंगणात नेऊन ठेवली. अंगणातली वाडी, ती अंगणवाडी. १९५७मध्ये काम कोसबाडला गेलं, तिथं गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच कुरणशाळा भरवली. गुरं चरतायत, पोरं शिकतायत. २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द गावोगाव पाटीवर चढला. नाव पोचलं. पण त्यातला मूळ प्रश्न, पोर येत नाही तर शाळेत काय हलवता येईल, तो पाटीबरोबर पोचला असं मला म्हणवत नाही.

मी टेकडीवर एका झाडाखाली बसून होते आणि माझ्या डोक्यात एकच: त्या मुलीसाठी मला शाळा हलवायचीही गरज नव्हती, एक आडोसा बांधला असता तरी चाललं असतं.

डॉक्टरलोकांनी या गोष्टीकडे कधी पाहिलं, हे मला फार उशिरा कळलं. माझी लेक कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, तिनं मला जुने लेख समजावून सांगितले. १९३२ साली अमेरिकेत ब्रॉडविन नावाच्या माणसानं लिहिलं की शाळा चुकवणाऱ्यांत एक वेगळीच जात आहे. हे पोर उनाडायला जात नाही, घरीच असतं, आईच्या जवळपास. आईबापांना ते कुठं आहे हे पक्कं ठाऊक असतं. आणि का जात नाही विचारलं तर त्याला सांगता येत नाही. लेक वाचत होती आणि मला कणगी दिसत होती. १९४१ला अॅडलेड जॉन्सन आणि तिच्या सहकाऱ्यांनी आठ मुलांचा अभ्यास करून त्याला 'स्कूल फोबिया' म्हटलं. त्यांचा रोख आईवर होता: आई आणि मूल एकमेकांना सोडत नाहीत. म्हणजे तिकडंही शेवटी आईच्याच पदरात. पुढं ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी 'फोबिया' मागं सारून 'शाळा नाकारणं' असा शब्द रुळवला.

आपल्याकडे १९३७ साली मुंबईत, सर दोराबजी टाटांच्या नावानं निघालेल्या समाजकार्याच्या शाळेनं मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केलं. देशातलं पहिलं. १९३७! आप्पा तेव्हा स्वतः शाळेत उचलून नेले जात होते.

आणि मग एक लेख असा निघाला की मी लेकीला म्हटलं, थांब, साल परत वाच. १९६५. फ्लोरिडातल्या वॉलेस केनेडी या मानसशास्त्रज्ञाचा, पन्नास मुलांवरच्या झटपट इलाजाचा. इलाज काय? पोटदुखीची चर्चा करायची नाही, सकाळी मुलाला, लागल्यास जोरानं, शाळेत न्यायचं, शक्यतो बापानं न्यायचं, आणि तिथं ठेवायचं. संध्याकाळी कौतुक करायचं. पन्नासच्या पन्नास बरी झाली. म्हणजे ज्या वर्षी आमच्या मारुतीच्या पारावरून माझा भाऊ आडवा चालला होता, त्याच वर्षी तिकडं हीच गोष्ट शास्त्र म्हणून छापून येत होती. मला हसूही आलं आणि रागही. पण लेकीनं मला सोडलं नाही. म्हणाली, "आई, नीट ऐक. त्यानं निवडलेली मुलं कोणती? अचानक, पहिल्यांदाच झालेली, एरवी घर ठीक असलेली. ज्यांचं वर्षानुवर्षं मुरलंय त्यांच्यासाठी त्यानं हे सांगितलंच नव्हतं. आणि जितके दिवस मूल घरी राहतं तितकं परत जाणं जड होतं, हे त्याचं म्हणणं आजही खोटं ठरलेलं नाही." तेव्हा आप्पांना मी पूर्ण गुन्हेगार ठरवू शकत नाही. कौतुकाचा भाग मात्र आप्पांना कुणी सांगितला नव्हता.

'तोत्तोचान' हे जपानी पुस्तक आपल्याकडे घराघरांत वाचलं गेलं, रेल्वेच्या डब्यांतल्या शाळेचं. त्याच जपानात शाळेत न जाणाऱ्या मुलांना आधी 'तोकोक्योही' म्हणत, म्हणजे शाळा नाकारणं. नंतर शब्द बदलून 'फुतोको' केला, नुसतं शाळेत नसणं. आरोप काढून घेतला. १९९२मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयानंच मान्य केलं की हे कुठल्याही मुलाच्या बाबतीत घडू शकतं. एका सरकारी खात्यानं असं म्हणणं मला फार मोठं वाटतं. आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं छडी आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली, हेही थोडं नाही. पण सलग महिनाभर आलं नाही की मूल 'शाळाबाह्य' होतं, आणि ४ जुलै २०१५ला साऱ्या राज्यात एका दिवसात अशा मुलांची मोजणी झाली तेव्हा, निवृत्तीच्या तोंडावर, मीही वस्त्यांवरून फिरले. मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावायची. पुलाखाली, वीटभट्टीवर, पालांवर गेलो. दारं बंद असलेल्या नीटस घरांत कणगीमागे कोण आहे, ते बघायला कुणी गेलं नाही. मीही नाही.

अशा नीटस घरांपैकी एक माझ्या लेकीचं निघालं. नातू पुण्यात. मार्च २०२०ला शाळा बंद झाल्या तेव्हा तो पहिलीत होता, नीट उघडेपर्यंत तिसरी आली. चौथीत रविवारी संध्याकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. रविवारी संध्याकाळी! शनिवारी सकाळी कधी नाही. मी ओव्याचा डबा उघडला आणि परत लावला.

लेकीनं, जी इतरांना शिकवते, पहिल्या महिन्यात सगळं केलं जे करू नये: ओरडली, आमिषं दिली, रडली, जावयानं एकदा त्याला गाडीत कोंबलं. शाळेतून निरोप आला की हजेरी भरली नाही तर बघावं लागेल. मग ती दोघं त्याला घेऊन एका समुपदेशक बाईंकडे गेली. त्यांनी पहिल्या दिवशी मुलाला 'का' असं विचारलंच नाही. 'कुठं' विचारलं. घरापासून वर्गापर्यंतच्या वाटेवर कुठं जास्त वाटतं? त्यानं कागदावर वाट काढली. फाटकाशी नाही, जिन्याशी नाही; वर्गाचं दार. बेल झाल्यावर आत शिरताना सगळे वळून बघतात. इतकंच होतं. इतकंच म्हणजे खूप होतं. बाईंनी समजावलं की मुलं वेगवेगळ्या कारणांनी थांबतात. कुणी आतल्या धडधडीपासून पळतं, कुणी वर्गात बोलण्यापासून नि परीक्षेपासून, कुणाला आईला एकटं सोडवत नाही, कुणाला घरचा मोबाइल गोड लागतो. इलाज त्यावर ठरतो. इथं ठरलं ते असं: बेल व्हायच्या आधी दहा मिनिटं पोचायचं, पहिले काही दिवस फक्त ग्रंथालयात बसायचं, मग एक तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. घरी राहिला तरी सकाळी उठणं, आंघोळ, दप्तर तसंच, टीव्ही बंद. वर्गशिक्षिका बाई चांगल्या, त्या रोज ग्रंथालयात येऊन दोन मिनिटं त्याच्याशी क्रिकेटवर बोलून जायच्या. शाळेत गैरहजेरीऐवजी हजेरी लावायची की नाही, यावर कार्यालयात आठवडाभर खल झाला. रकाना, म्हटलं ना, अरुंद असतो.

माझा भाऊ आता गावीच असतो, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाला. चार हात करणारा माणूस, पण मतदानाला शाळेत जावं लागतं तेव्हा सकाळपासून गप्प असतो. हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं. त्यानं स्वतः साठ वर्षांत त्या जूनबद्दल एक शब्द काढलेला नाही. तो पुण्याला आला होता, मी सहज म्हटलं, उद्या ह्याला सोडायला तू जातोस का? गेला. मीही मागोमाग.

फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे बाकडं आहे. वेळ होता, म्हणून दोघं बसले. भावानं खिशातून भडंगाची पुडी काढली. नातवानं विचारलं, "आजोबा, तुम्हाला कोण सोडायला यायचं?"

"चौघं यायचे," भाऊ म्हणाला, आणि त्यानं चौघांची नावं सांगितली, आडनावांसकट. कुणी कुठला हात धरला, कुणी पाय. "त्यातला डाव्या पायाचा गेल्या साली वारला. त्याला न्यायला मी होतो. पुढून, उजव्या अंगाला."

मी खाली बघत राहिले. नातवाला त्यात काही विशेष वाटलं नाही. तो भडंग खात विचार करत होता.

"पण आजोबा, चार जण कशाला लागायचे? वजन किती होतं तुमचं?"

"असेल की," भाऊ म्हणाला, "एका करडाएवढं."